जावयाचा उजवा पाय

कारधा, जि. भंडारा
८ ऑगस्ट

रक्षे,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक. पुढं वाचून तुले राग येईल, अन् मंग तो बाजूलेच राहील.

मी बोलून राहिली अन् तुई वहिनी दीपमाला लिहून राहिली. फोनवर मले अर्धं ऐकू येते अन् बाकीचं अर्धं शेजारी ऐकतात, म्हणून कागद बरा. मले अक्षर येत नाही, पण मी लंबं बोलली अन् तिनं दोनच ओळी लिहिल्या तर ते समजते. तिले सांगून ठेवलं आहे, माया बोलण्यातलं काही गाळशील तर आज रात्रीचा भात तूच रांधशील. (रोज मीच रांधते, रक्षाताई. – दीपमाला)

तुया कुत्र्याची खबर देतो. उन्हाळ्यात तू त्याले पुण्याहून टोपलीत घालून आणला तेव्हा मांजराएवढा होता. घरमालक ठेवू देत नाही, दुसरी खोली भेटली का नेतो, म्हणाली होती. आता तो वासराएवढा झाला. तुयं ते ब्रूनो का फिरोनो माया तोंडात बसत नाही, मी त्याले जावई म्हणतो. पहिले खाते, मधल्या खोलीत पसरते, कामाले हात लावत नाही, अन् घरात कोणाची त्याले रागवायची हिंमत नाही. खरा जावई तू आणून नाही राहिली, म्हटलं हाच सही.

तर हा जावई लंगडून राहिला. आधी डावा पुढचा पाय उचलला. काटा पाहिला, नाही. चार-सहा दिवसांनी तो पाय बरा, तर मागचा उजवा धरला. मधे दोन दिवस कोंबड्यांमागं धावला, पुन्हा पुढचा. सकाळी उठते तर म्हाताऱ्यासारखा, आधी पुढून ताणते, मंग मागून, मंग घरातल्या सगळ्यांकडं पाहते का कोणी पाहून राहिलं का. तुया बाप भैय्याजी म्हणते सोंग आहे. लंगडा कोणी पाय बदलून लंगडते का?

पण मले ठाऊक आहे. दीपमाला सकाळी अंगण सारवते, अन् ओल्या सारवणावरून जावई पहिले जाते. तीन पाय पुरे उमटतात, चौथ्याची नुसती बोटं. आज कोणता पाय हलका, ते मी ओट्यावर बसून वाचतो. मले वाचता येते ते एवढंच.

तुया बाप राखणीसाठी कुत्रा पाहिजे म्हणून खूश होता. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या का डुकरं येतात. आता म्हणते, लंगडा कायले पोसायचा? लाखनीले रोडवर त्याच्या ओळखीचा ढाबा आहे, पोळा झाला का तिथं देऊन येतो. त्या रोडवर रात्रंदिवस ट्रका, अन् हा तीन पायांवर. मी त्याले ताकत देणं सुरू केलं. काय देतो ते विचारू नको, घरचंच आहे.

तुया पुण्यात सकाळी पाय आखडतात त्याच्यावर काय देतात ते लिही. कुत्र्यासाठी विचारतो.

तुई आजी
(अंगठा आजीचाच. पानाच्या डब्यातला कात लावून उमटवला आहे. – दीपमाला)

*

पुणे
१४ ऑगस्ट

आजी,

आशीर्वाद घेतला आणि रागावलेसुद्धा, दोन्ही झालं.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन केला. ढाब्याचं विचारलं तर म्हणाले, "बघू." बाबांचं बघू म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सायकल घेऊन द्यायलाही ते तीन वर्षं "बघू" म्हणत होते.

आजी, तो माझा आहे. इथं या शहरात संध्याकाळी दार उघडल्यावर कोणीतरी असावं म्हणून मी त्याला आणला होता. त्याला ढाब्यावर सोडलं तर मी घरी येऊन कोणाला काय बोलेन, सांगता येत नाही. तू काहीही कर, पण त्याला आधी पुलापलीकडं भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं ने. आणि माणसांची गोळी त्याला अजिबात देऊ नको, अर्धीसुद्धा नाही.

आणि "ताकत" म्हणजे काय? मला तुझी ताकत माहीत आहे. दहावीच्या परीक्षेत तू मला इतके डिंकाचे लाडू चारलेस की गणिताच्या पेपरला माझं पोट दुखत होतं.

वहिनी, एवढं मोठ्यानं वाचू नको: आजी त्याला नक्की काय चारते ते मला कळव.

रक्षा

*

कारधा
३० ऑगस्ट

रक्षे,

तुई वहिनी वाचता वाचता मधेच खोकलली, अन् पुढच्या ओळीवर गेली. मी म्हटलं, खोकला कोणत्या शब्दाले आला तो वाच. तेव्हा वाचून दाखवलं तिनं. पोरी, मायापासून लपवायचं तर दुसऱ्या गावची वहिनी कर.

आता ऐक, सारं सांगतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या घरी बैलांचे खांदे शेकतात, ते तुले ठाऊक आहे. कोमट तूप अन् हळद घेऊन भैय्याजी बसला होता. दोन्ही बैलांचे खांदे चोळले, आवतण दिलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. मी जावयाले दोरीनं ओढत आणलं अन् रांगेत तिसरा उभा केला. म्हटलं, यालेही दे. भैय्याजी म्हणाला, "माय, यानं कोणता नांगर ओढला?" मी म्हटलं, "तू तरी परवा कोणता ओढला, ट्रॅक्टर भाड्यानं सांगितला. तुले जेवाले देतोच ना?"

हसत हसत चोळाले बसला तो. आधी पंजा दाबला, काही नाही. सांधा वाकवला, काही नाही. मंग सांध्याच्या वर, हाडाच्या मधोमध अंगठा गेला अन् जावयानं भैय्याजीचा हात तोंडात धरला. चावला नाही बरं, नुसता धरून ठेवला, अन् त्याच्या तोंडाकडं पाहत राहिला. भैय्याजीचं हसणं थांबलं. अंगठा तिथून सरकवला अन् म्हणाला, "माय, हा सोंग नाही करून राहिला." त्याले ते हातानं समजलं. कानानं त्याले आजवर काही समजलं नाही.

पोळा झाला अन् तोच त्याले ऑटोत घालून भंडाऱ्याले घेऊन गेला. मीही बसली. डॉक्टरीण बाई आहे, तुयाच वयाची. तिनं तिथंच दाबलं जिथं भैय्याजीनं दाबलं होतं. हाडाचा फोटो काढला. म्हणाली, हाडाच्या आतलं दुखणं आहे, वाढीचं. मोठ्या जातीची पिल्लं भराभर वाढतात, त्यांले होते. या पायातून त्या पायात जाते, येते, जाते, अन् वर्ष-दीड वर्षाचा झाला का आपोआप थांबते. दुखल्याची गोळी तिनं दिली, तिनं सांगितली तेवढीच द्यायची. मी माया डब्यातली अर्धी गोळी पदराले बांधून नेली होती, याले चालेल का म्हणून दाखवली. ती माया अंगावर अशी आली का भैय्याजी खाली पाहाले लागला.

अन् मंग विचारलं, खाले काय देता?

आता सांगतोच. दूध, अंडं, वाळलेले झिंगे, पेज. अन् चुना. माया पानाच्या डब्यातला, दुधात घोळून, रोज. बाळंतिणीले देतात, हाड मोडलं तर देतात. माणसाले गव्हाच्या दाण्याएवढा, हा मोठा म्हणून मी तुरीच्या दाण्याएवढा दिला. म्हटलं हाडच दुखते तर हाडालेच पाहिजे. डॉक्टरीण म्हणाली, आजी, मोठ्या जातीच्या पिल्लाले वरून चुना घातला तर हाडं आणखी बिघडतात, तोंड-पोटही भाजते. अन् येवढं खाऊ घालून याले भराभर वाढवू नका, हळू वाढू द्या.

मी ऑटोत पूल ओलांडेपर्यंत बोलली नाही. भैय्याजी म्हणाला, "माय, तब्येत बरी आहे ना?"

चुन्याचा डबा आता फळीवर ठेवला. ढाब्याची गोष्ट भैय्याजी काढत नाही, अन् मीही आठवण देत नाही.

तुई आजी

*

पुणे
१२ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. हात तोंडात धरला तिथं थांबले, पुन्हा वाचलं. चुन्यावर आले तेव्हा कपाळाला हात लावला. तुरीच्या दाण्याएवढा! पण मी तिथं असते तर मीही तुला विचारूनच दिलं असतं, म्हणून बोलत नाही.

आता माझी बातमी. मला नवी जागा मिळाली. दोन लहान खोल्या, खालच्या मजल्यावर, आणि मालकीणबाई म्हणाल्या, कुत्रा चालेल, मलाच सोबत होईल. मी त्याच्यासाठी गादीसुद्धा आणून ठेवली आहे. रोज संध्याकाळी ती रिकामी दिसते.

एवढ्या लांबच्या प्रवासात त्याचे हाल नको, म्हणून मी थांबते. त्याचा पाय पूर्ण बरा झाला, लंगडणं थांबलं, की लगेच कळव. मी येऊन घेऊन जाईन.

अंगणात आजकाल काय वाचायला मिळतं?

रक्षा

*

कारधा
६ ऑक्टोबर

रक्षे,

दसरा झाला. सोनं तुया नावाचं मी तुया बापाच्या खिशात ठेवलं.

नवी जागा भेटली, बरं झालं. मालकीण बाई चांगली दिसते.

जावयाले डॉक्टरीणनं धावू द्यायचं नाही म्हटलं आहे. दोरीनं धरून, हळूहळू, थोडं चालवायचं. आता हळू कोण चालते आपल्या घरात? भैय्याजी चालते ते धानाच्या बांधीचं पाणी फुटल्यासारखं. दीपमालाले काम. (लिहिलं बरं झालं. – दीपमाला) म्हणून मीच नेतो, सकाळी नदीवर घाटाच्या पायऱ्यांपर्यंत अन् परत. पाच-सहा वर्षांत मी घाटावर गेली नव्हती. पहिल्या दिवशी शेजारची सत्यभामाबाई पायरीवर कपडे धूत होती. म्हणाली, "काय वो शकुनबाई, कोण कोणाले फिरवून राहिलं?" मी म्हटलं, जावई आहे, मान ठेवून बोल.

तू पाय विचारला. अजून पुरा नाही बरा. उजवा पाय आखडते. सकाळी उठल्याबरोबर तर टेकवतच नाही, थोडं चाललं का सुटते. ओट्याच्या पायरीवरून उतरताना दुखते, चढताना तेवढं नाही. एवढ्यात कुठं पुण्याले नेतेस? राहू दे.

तुई आजी

*

पुणे
१९ ऑक्टोबर

आजी,

दिवाळीला मला सुट्टी नाही. ऑफिसात मीच नवीन आहे म्हणून मलाच थांबवलं. करंज्या पाठवू नको, पोहोचेपर्यंत भुगा होतो. चकल्या पाठव.

ब्रूनोच्या पायाची काळजी वाटते. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुखणं एकाच पायात राहिलं असेल तर फोटो पुन्हा काढायला हवा, सांध्याचं काही असू शकतं. पुढचा उजवा की मागचा? वहिनीला सांगून त्याचा चालतानाचा व्हिडिओ पाठव. आणि मी विचारलं होतं ते राहिलं: अंगण काय म्हणतं?

रक्षा

*

कारधा
५ नोव्हेंबर

रक्षे,

चकल्या पोहोचल्या असतील. वाकड्या आहेत त्या दीपमालाच्या.

व्हिडिओ पाठवला. तो चालत नाही त्याच्यात, मायापाशी बसून आहे. आता बसला त्याले मी काय करू?

पाय उजवाच. उकिडवं बसलं का उठवत नाही. थंडी पडली का जास्त ठणकते. मिठाची पोटली गरम करून शेकलं का घटकाभर बरं वाटते. पुन्हा फोटोची काही गरज नाही, उगाच डॉक्टरीणले तरास. वय झालं का असं होतेच.

धान कापणं सुरू आहे, सारवाले कोणाले वेळ नाही.

तुई आजी

(मला जे सांगितलं ते मी लिहिलं. मला काही विचारू नका, रक्षाताई. – दीपमाला)

*

पुणे
१८ नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा राग आला, आणि तो दोन दिवस होता.

आठ महिन्यांच्या कुत्र्याचं "वय झालं"? आणि कुत्रा उकिडवा कधी बसतो, आजी?

ऑगस्टमध्ये तू लिहिलं होतंस, हा पाय बदलून लंगडतो. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. आणि दसऱ्यापासून तुझ्या पत्रात एकच पाय आहे. पुढचा की मागचा विचारलं, तर तू नुसतं उजवा म्हणतेस. ज्याला चार पाय आहेत त्याच्याबद्दल असं कोणी लिहीत नाही. ज्याला दोनच आहेत त्याच्याबद्दल लिहितात.

व्हिडिओ मी थांबवून पाहिला. तो मजेत बसला आहे, जीभ बाहेर. त्याच्या बाजूला एक हात आहे आणि हातात काठी. नवी, चांगली तेल पाजलेली. उन्हाळ्यात ती आपल्या घरात नव्हती. ती काठी ब्रूनोची नाही.

ब्रूनो बरा आहे ना? आणि तू नाहीस.

मी पहिल्यापासून चुकीच्या पायाची काळजी करत होते. "कुत्र्यासाठी विचारतो" लिहिलंस तेव्हासुद्धा मला कळलं नाही.

गादी मी कपाटावर टाकली आहे. मी सकाळी आठला बाहेर पडते ते रात्री येते. तो दिवसभर दाराकडं बघत बसला असता, हे मला आधीच कळायला हवं होतं. त्याला राहू दे तुझ्याकडं. पण माझी एक अट आहे. गुडघ्याचं बाबांना सांग आणि माणसांच्या डॉक्टरकडं जा. संक्रांतीला मी येते, आणि तोपर्यंत गेली नसलीस तर मी तुला दोरीनं बांधून ऑटोत घालीन.

वहिनी, हे अगदी मोठ्यानं वाच. बाबा घरात असताना.

रक्षा

*

कारधा
१ डिसेंबर

रक्षे,

वाचलं तिनं. असं वाचलं का सत्यभामाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

पकडली तू मले. खरं सांगू? नव्या जागेचं तुयं पत्र आलं, पाय बरा झाला का नेतो म्हणून, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसली होती. जावई अंगणातून गेला. चारही पाय पुरे उमटले, एकही हलका नाही. महिन्यांनी पाहिलं तसं. मी अंगण पाहिलं अन् दीपमालाले म्हटलं, पुन्हा सारव. ती म्हणाली, आजी, आताच तर सारवलं. मी म्हटलं, सारव म्हणतो ना. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही, नुसतं सारवलं. चांगली पोरगी आहे. (हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं असतं. – दीपमाला)

मंग तुले लिहायचं होतं का तो लंगडते. लंगडणं आणायचं कुठून? घरात एकच होतं, त्याचंच लिहिलं.

गुडघ्याचं मी कोणाले सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भैय्याजीनं मले बाजेवर बसवून ठेवलं असतं, अन् घाट पुन्हा बंद. जावई येण्याआधी मी बाजेवरच होती, कोणी बसवलं नव्हतं तरी. सकाळी उठून कोणासाठी जायचं कुठं? हा दाराशी दोरी तोंडात धरून उभा राहते. मंग म्हाताऱ्या माणसाले नाही कसं म्हणता येते?

आता धावते तो. डॉक्टरीणनं पाहिलं, थोडं थोडं सोडा म्हणाली, पुन्हा दुखू शकते म्हणाली, पण सध्या बरा आहे. घाटाच्या वळणावर मी दोरी सोडतो तर पायऱ्यांपर्यंत सुटते. तिथून वळून पाहते. मी अर्ध्यातच असतो. मंग परत येते अन् मायाबरोबर पाय पाय चालते, उजव्या अंगानं. त्याले कोणी शिकवलं नाही.

तुई अट पाळली. भैय्याजीले मीच दाखवला गुडघा. तो खाली बसला अन् दाबून पाहाले लागला, खांदे शेकतात तसा, हळू. बरोबर ठिकाणी अंगठा गेला. मी त्याचा हात तोंडात नाही धरला, दात कुठं आहेत? पण त्याले समजलं. परवा भंडाऱ्याले घेऊन गेला. हा डॉक्टर म्हणाला, आजी, हाड झिजलं आहे, हे जाणार नाही, पण चालणं सोडू नका. जावयाले डॉक्टरीणनं सांगितलं ते बरं होऊन जाईल, अन् मले यानं सांगितलं ते राहील. वाढीचं दुखणं अन् वयाचं दुखणं, दोघांले औषध एकच सांगितलं, हळू चाला. गंमत आहे का नाही?

आता तुयं. राहू दे म्हणतेस, ते मी ऐकलं. पण मी तुया कुत्रा खोटं बोलून ठेवला, तो असा ठेवणार नाही. संक्रांतीले ये. घाटावर आपण तिघंही जाऊ. तुले न्यायचा वाटला तर ने, मी अडवणार नाही, लंगडणारही नाही. ठेवायचा वाटला तर ठेव. अन् ती गादी घेऊन ये काही झालं तरी, कपाटावर टाकायले आणली का? माया गुडघ्याखाली कामाले येईल.

तुले आता मायावर भरोसा नसेल, म्हणून पुरावा पाठवतो. आज सकाळी अंगण ओलं होतं. दीपमालानं कागद धरला अन् मी जावयाचा पुढचा उजवा पाय त्याच्यावर टेकवला. उचलला नाही त्यानं, पुरं वजन टाकून उभा राहिला. खाली पाहा. चारही बोटं आहेत, मधली गादी आहे, कुठं कोरं नाही.

बाजूले कातातला आहे तो माया अंगठा. त्याले वजन कमी पडलं, तो थोडा फिका आहे. पण वाचता येतो.

तुई आजी